चार वारस, सात वार

बाबांची जमीन मी आठ दिवसांत विकून दाखवणार होतो! तसं घरातल्या सगळ्यांना ठणकावून सांगितलंही होतं. आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. कडी लावून शांत बसावं अशी एकच जागा, बाथरूम. तिथेही दोन मिनिटांत दार वाजतं. जमीन विकायची, मोठं घर घ्यायचं आणि त्यात एक खोली फक्त माझी! गिऱ्हाईकही तयार होतं.

वकिलांनी विचारलं, "मृत्युपत्र?"

"नाही केलं बाबांनी."

"मग आई, तुम्ही, बहीण, भाऊ, चौघांच्याही सह्या लागतील. आणखी कोणी वारस नाही ना? नक्की?"

माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! तो 'नक्की' मी घरी जसाच्या तसा सांगितला. ताई सही करता करता थांबली.

"नक्की म्हणजे? बाबा दर रविवारी त्या जमिनीवर कशाला जायचे रे?"

"झाडांना पाणी घालायला."

"तिथे एकही झाड नाही!"

धाकट्याचे डोळे चमकले. "पत्र्याची खोली आहे तिथे. कुलूप लावलेली. आणि आई डबा द्यायची तो तीन कप्प्यांचा! एकट्या माणसाला?"

"अगं बाई! म्हणजे तिकडे दुसरं..."

"हळू बोल!" मीच ओरडलो. आई पलीकडच्याच खोलीत होती.

खरं सांगतो, भीतीपेक्षा उत्सुकताच मोठी! पाचवा वारस निघाला तर? तो माझ्यासारखा दिसत असला तर?

दुसऱ्या दिवशी आईला चुकवून निघणार, तर ती चपला घालून दारात उभी! सगळी वरात जमिनीवर पोचली, मागोमाग गिऱ्हाईक. धाकट्याने कुलपावर दगड घातला. तिसऱ्या घावाला कुलूप तसंच राहिलं आणि दार आडवं झालं.

"किल्ली माझ्याकडे होती," आई म्हणाली.

आत एक आरामखुर्ची, एक उशी आणि कानात घालायच्या कापसाचं पुडकं. बस्स!

"शांत बसायला यायचे ते," आई म्हणाली. "घरात तुम्ही तिघं बसू द्याल तर ना! एक कप्पा सकाळचा, एक दुपारचा, एक संध्याकाळचा. एकदा बसले की उठायचेच नाहीत."

बाबांनाही एक खोलीच हवी होती, आणि मला कधी कळलंच नाही.

"बघते जरा," म्हणून ताई खुर्चीत टेकली. अर्ध्या तासाने तिला हलवून उठवावं लागलं. मग धाकटा बसला, मग मी. काय सांगू! कोणी हाकच मारत नव्हतं! उठलो तेव्हा गिऱ्हाईक कधीच निघून गेलं होतं.

"ताई, ती सही?"

"कसली सही?" दोघंही एकदम म्हणाले. आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

मृत्युपत्र नव्हतंच, मग वाटणी आम्हीच केली. चार वारस, सात वार. रविवार आईने मागून घेतला. "चाळीस वर्षं मी डबा भरून दिला. आता मला कोणीतरी भरून द्या!" उरलेले सहा आम्हा तिघांत. माझे मंगळवार आणि गुरुवार!

मंगळवार बायकोने घेतला. गुरुवार मुलीने, परीक्षा आहे म्हणून. परवा वकीलही हळूच विचारत होते, एखादा वार मोकळा आहे का. माझ्या वाट्याला आईचा रविवारचा डबा भरणं तेवढं आलं.

हे सगळं मी बाथरूममध्ये बसून लिहितोय. दार वाजतंय... आलो, आलो!