सेव्हचं बटण बेपत्ता

"ज्याचं नाव ऐकून गुन्हेगार झोपेत दचकतात, साखरेत पडलेला मिठाचा खडा जो नुसत्या नजरेने वेगळा काढतो, ज्याला आजवर एकही पुरावा चकवू शकलेला नाही, असा अन्वेषक म्हणजे मी!"

हे वाक्य आमच्या ह्यांचं. रोज दाढी करताना आरशासमोर म्हणतात. आरशातला माणूस उलट बोलत नाही, त्यामुळे ह्यांचा समज पक्का होत चाललाय. एरवी हे विमा कंपनीत कारकून आहेत आणि मी त्यांची बायको, म्हणजे बिनपगारी सहायक. आमची सर्वांत गाजलेली केस म्हणजे घराची हरवलेली किल्ली. दिवसभर सगळ्यांची उलटतपासणी झाली. किल्ली दाराला बाहेरून लटकत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ह्यांना चष्मा दिलाय. तो कपाटात मोज्यांखाली असतो. अन्वेषकाने चष्मा लावला की गुन्हेगारांची भीड चेपते म्हणे.

तर त्या दिवशी धाकटी, म्हणजे माझी जाऊ, रडवेली होऊन हॉलमध्ये आली. ती चित्रं काढते. आजवर साबणाचे खोके आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची लेबलं केली. त्यावर कोण नाव छापतंय? पण आता तिला मुलांच्या एका पुस्तकाचं मुखपृष्ठ मिळालं होतं, आणि त्यावर तिचं नाव येणार होतं. छापखानेवाल्यांनी बजावलं होतं की पाचला मशीन सुरू होईल, तोवर चित्र आलं नाही तर मागच्या आवृत्तीचंच मुखपृष्ठ जाईल. आणि नेमकं त्याच सकाळी तिच्या मोठ्या कॉम्प्युटरने राम म्हटला. चित्राची प्रत तेवढी पेनड्राइव्हवर होती.

ह्यांनी उदार मनाने आपला चिमुकला लॅपटॉप दिला. "पाळतीवर असताना कोटाखाली लपतो," म्हणाले. ह्यांच्याकडे कोट नाही.

"दादा, सगळं झालंय हो," धाकटी म्हणाली. "छपाईची प्रत काढायची विंडो उघडते, पण तिच्या तळाला सेव्हचं बटण असतं ना, तेच नाही!"

"काल होतं?"

"काल माझ्या कॉम्प्युटरवर होतं."

ह्यांचे डोळे चमकले. "म्हणजे अपहरण! आणि तेही रात्रीतून!"

मी पाहिलं. विंडो पडद्यापेक्षा उंच होती. वरचा भाग दिसत होता, मधला दिसत होता, आणि खालचा पडद्याच्या काठाखाली कुठेतरी बुडाला होता. धाकटीने विंडो वर ओढायचा प्रयत्न केला, तर ती छताला टेकल्यासारखी अडून बसली. मी म्हटलं, "अहो, खाली असेल ते. विंडो मावत नाहीये."

"सहायकाने निष्कर्ष काढायचे नसतात," हे म्हणाले, आणि गॅलरीतून खाली डोकवावं तसे पडद्याच्या खालच्या काठावरून वाकून बघू लागले. खाली कीबोर्ड होता. मग लॅपटॉप उचलून हलवला. बिस्किटाचा चुरा पडला.

"पुरावा!" हे ओरडले. "चोर इथे खाऊन गेलाय."

"बिस्किटं तूच खातोस मेल्या," सासूबाई दिवाणावरून म्हणाल्या. त्यांची कंबर धरली होती. आठवडाभर एका कुशीवर पडून होत्या, टीव्हीसुद्धा आडवाच बघत होत्या.

ह्यांनी विषय बदलला. दुसरा संशय घरातल्यांवरच आला. "तुझ्या यशावर जळणारं या घरात कोण आहे?" असं धाकटीला विचारून हे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "मी चहा टाकते." त्याचीही त्यांनी मनात नोंद घेतली असावी. तिसरा सिद्धांत असा निघाला की बटण कुठे गेलेलंच नाही, ते घाबरून लपलंय आणि त्याला बोलतं करायला हवं.

"दादा, पाच वाजत आले हो!" धाकटी घड्याळाकडे बघत म्हणाली. "जाऊ दे. छापू देत जुनंच. माझ्या नशिबात साबणाचे खोकेच."

ह्यांना ते ऐकवलं नसावं, कारण एरवी जो विचार करतात तोही न करता त्यांनी दोन्ही हातांची सगळी बोटं कीबोर्डवर दाबली.

पडदा काळा झाला. मग उजळला, तो सगळं आडवं करून. अक्षरं भिंतीला टेकून झोपल्यासारखी दिसायला लागली. धाकटीने किंकाळी फोडली. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "गुन्हेगार हिंसक झालाय," एवढंच पुटपुटले.

"अगं बाई, आत्ता कुठे सरळ दिसतंय!" सासूबाई म्हणाल्या. "आणि तळाला ते सेव्ह लिहिलंय, ते नकोय का तुम्हाला?"

आम्ही तिघांनी माना वाकड्या केल्या. पडद्याची रुंदी आता उंची झाली होती, त्यामुळे अख्खी विंडो त्यात मावली होती, आणि तळाला बटण निवांत बसलं होतं. पण पडद्यावरचा बाण काही केल्या तिकडे जाईना. टचपॅडवर बोट वर सरकवलं की तो बाजूला पळायचा.

"खाली ने. अगं, तुझं खाली नव्हे, माझं खाली!" सासूबाई पडल्या पडल्या ओरडत होत्या. "अजून... थांब! दाब आता!"

दाबलं. सेव्ह झालं. चित्र छापखान्यात पोचलं आणि तिकडून फोन आला, "मिळालं हो, लावतो मशीनवर." धाकटी सासूबाईंच्या गळ्यात पडली. त्या "कंबर, कंबर!" म्हणत हसत होत्या.

पडदा सरळ केल्यावर धाकटीला राहवेना. "माझ्या मैत्रिणीचा लॅपटॉप एवढाच आहे. त्यावर ही विंडो मावते. मग इथेच का नाही?" तिने पडद्याची सेटिंग उघडली. अक्षरं, विंडो, बटणं, सगळं कुणीतरी फुगवून ठेवलं होतं.

"हे कुणी केलं?"

हे छताकडे बघत होते. "ते भिंग आहे," म्हणाले. "प्रत्येक अन्वेषकाकडे असतं."

पुढच्या आठवड्यात पुस्तक आलं. ह्यांनी ते सगळ्यांच्या आधी हिसकावलं. जवळ धरलं, लांब धरलं, खिडकीपाशी नेलं, आणि चेहरा पाडून म्हणाले, "घात झाला! हिचं नावच नाही. नाव चोरीला गेलंय!"

धाकटी कपाटापाशी गेली, मोज्यांखालून चष्मा काढला आणि ह्यांच्या नाकावर बसवला.

ह्यांनी मुखपृष्ठ पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. मग तिचं नाव मोठ्याने वाचलं, आडनावासकट. पुन्हा एकदा वाचलं.

"सापडलं," हे म्हणाले. चष्मा काढायला मात्र विसरले.