दुधीची पाठराखीण

मुलगा पसंत पडल्याशिवाय भाज्या त्याच्या डब्यात जात नसत, म्हणून गुरुवारी संध्याकाळी दुधीकडची मंडळी ओजसला बघायला आली.

मंडळी म्हणजे दुधी आणि त्याचे मामा, लाल भोपळा. मामा टेकले तसा सोफा कुरकुरला. शाल्मलीने पोहे आणले. ती या घरात नुकतीच लग्न होऊन आली होती आणि पुतण्याच्या डब्याचं काम आपसूक तिच्याकडे आलं होतं. ओजस पहिलीत होता. गवार एकदा त्याच्या डब्यात जाऊन आल्यापासून प्रत्येक भाजीने त्याला नकार दिला होता. जॅम-पोळीवर दिवस चालले होते, आणि सोमवारी डब्यात भाजी नसेल तर मुलाला घरीच ठेवा, असं शाळेने कळवलं होतं.

"गवारीचं काय झालं होतं?" मामांनी विचारलं.

"तिचाच स्वभाव जरा कडवट," ओजसची आई, म्हणजे शाल्मलीची जाऊ, म्हणाली.

"भेटलो आम्ही तिला. गेली तशी परत आली. आता कोणात मिसळत नाही."

"आमच्याकडे तसं काही नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "घरच्यासारखंच वागवतो आम्ही."

हे वाक्य शाल्मलीच्या माहेरच्या बैठकीतही झालं होतं, याच स्वरात. तिने मामांच्या पोह्यांवर आणखी खोबरं घातलं.

"पोरांना जरा एकटं बोलू दे," मामा म्हणाले.

दोघं गॅलरीत गेले. शाल्मली वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने मागोमाग गेली.

"तू मला आवडत नाहीस," ओजस म्हणाला.

"खाल्लंयस कधी?"

"नाही. पण बाबा पण खात नाहीत. आणि पराठ्यात लपून आलास तरी मला कळतं."

"लपायला मलाही आवडत नाही. जीव घुसमटतो. आलोच तर गोल काप होऊन येईन, तिळात परतून."

"कुरकुरीत?"

"कडेकडेने. पण झाकण उघडल्यावर ईईई करायचं नाही. चारचौघांत वाईट दिसतं."

ओजसने विचार केला. "अर्धाच खाईन."

"पहिल्या दिवशी अर्धा खूप झाला."

दोघं आत आले. दुधी मामांच्या कानाशी लागला.

"मुलाबद्दल काही म्हणणं नाही," मामा म्हणाले. "एकच अट. आमचा कोवळा आहे. नव्या नवरीबरोबर सासरी जाते, तशी पाठराखीण हवी. मीच गेलो असतो, पण डब्याच्या खणात मावत नाही. तुमच्यातली कोणी द्या. नुकती सासरी आलेली असली तर बरं. तिला कळतं."

शाल्मलीबरोबर कोणी पाठराखीण आली नव्हती. हल्ली कुठे असतं असलं काही, असं तेव्हा सासूबाईच म्हणाल्या होत्या.

"हल्ली कुठे..." सासूबाईंनी सुरुवात केली. मग त्यांना सोमवार आठवला. "जाईल की आमची शाल्मली."

सोमवारी सकाळी मोठ्या खणात दुधी होता, तीळ लावून. शेजारच्या छोट्या खणात शाल्मली पाय मुडपून बसली.

"आत अंधार असतो का?" त्याने हळूच विचारलं.

"सुरुवातीला," ती म्हणाली आणि मधल्या पट्टीवरून हात पलीकडे टाकून तिने त्याला धरलं.

जाऊबाईंनी झाकण उचललं.

"ओढणी आत घे गं," सासूबाई म्हणाल्या. "झाकणात अडकेल."