पाठमोरे स्वागत

कोणतेही काम विचार न करता केल्यास बिघडते; पुरेसा विचार केल्यास ते करावेच लागत नाही. चित्रकलेत या विचाराला नियोजन म्हणतात.

अड्याळचा विनोद गेल्या पावसाळ्यात चित्रकार झाला. (रंग नंतर आणले.) पुढे त्याची धाकटी बहीण रीना हिचे लग्न लाखनीच्या मुलाशी ठरले. आमच्याकडे लग्नघराची पुढची भिंत चुन्याने पोततात आणि दाराच्या दोन्ही बाजूंना एक बाई व एक गडी काढतात, हात जोडून पाहुण्यांचे स्वागत करणारे. गावचा पेंटर ही जोडी दुपारच्या जेवणाआधी उरकतो. विनोदच्या आईने, केशरबाईंनी, पेंटरला नको सांगितले. घरी कलाकार असताना बाहेरचा कशाला? शेजारीण या नात्याने मीही मान डोलावली.

पात्र रेखाटण्यापूर्वी ते आतून ओळखावे, असे विनोदने मोबाईलवर पाहिले होते. त्यानुसार त्याने बाईचे शिक्षण (बी. ए., पहिले वर्ष), रक्तगट, नावडती भाजी आणि लहानपणी तळ्यात बुडता बुडता वाचल्याने बसलेली भीती निश्चित केली. गडी मितभाषी असून ट्रकच्या हॉर्नने दचकत असे. हळद तोंडावर आली तेव्हा भिंत कोरी होती, पण दोघांचे स्वभाव तयार होते.

"दादा, मले फक्त हात जोडलेली बाई पाहिजे," रीना म्हणाली. "तिचा रक्तगट कायले?"

"तिच्या मनात आदर आहे का, हे आधी पाहा लागते ना."

"लाखनीवाले भिंत पाहूनच घर पारखतेत. लाज ठेवजो, बावा!"

तपासाअंती आदर आढळला. हात मात्र जमले नाहीत. अंगठा दर वेळी वेगळ्या बाजूला निघे. नियोजनात यावर उपाय असतो. बाई संकोची असल्याने तिने हात पाठीमागे घेतले. पावले जमेनात, दोघे शेतकरी असल्याने त्यांना भाताच्या रोवणीच्या चिखलात पोटरीपर्यंत उभे केले. डोळे एका मापाचे येईनात, तेव्हा स्वभावाचा फेरअभ्यास होऊन दोघेही अंतर्मुख ठरले. अंतर्मुख माणूस तोंड दाखवत नाही. पाठ फिरवल्यावर मागचे हात दिसू लागले, म्हणून ते पुढे घेतले. (म्हणजे हात अखेर जोडलेलेच होते. दिसत नव्हते, इतकेच.)

लाखनीची वरात दारात आली. नवरदेवाचे वडील जागेश्वरराव भिंतीपुढे थांबले, म्हणून बँड थांबला.

"विहीणबाई, हे काय? आमाले पाठ दाखवून राहिले? असं असन तर पोरगा वापस नेतो मी."

दाराआड रीना उभी होती. विनोद पुढे झाला. "त्याचं असं आहे मामाजी, ती बाई लहानपणी तळ्यात..."

"तू चूप बस," केशरबाई म्हणाल्या. मग व्याह्यांकडे वळल्या. "अजी, तोंड करून उभे राहाले ते का परके आहेत? घरचे आहेत ते. तुमाले आत घेऊन चालले. त्याइच्या मांगंमांगं चला, भात निवून राहिला."

"अन् हा चिखल?"

"तुमच्यासाठीच रोवणी सोडून आले जी!"

जागेश्वररावांनी भिंतीकडे पुन्हा पाहिले. अशा मानाने त्यांना आजवर कोणी आत नेले नव्हते. ते निघाले, त्यांच्यामागे वरात निघाली, आणि लग्न लागले.

यंदा अड्याळात पाठमोऱ्या जोडीचा दर तोंडवाल्या जोडीपेक्षा जास्त आहे. गावचा पेंटर विनोदकडे शिकायला येतो. चेहरा काढण्याची जुनी सवय सुटायला त्याला वेळ लागतो आहे.

मला स्वतःला हे पटत नव्हते. न काढलेल्या चेहऱ्यामागे लोक कुठवर जातील, अशी शंका होती. म्हणून एक छोटा प्रयोग केला: वरच्या मजकुरात मी एकाही माणसाचा चेहरा काढलेला नाही. आपण मुकाट्याने मागे मागे इथवर आलात.