आबासाहेबांचा सोमवार

आबासाहेबांनी ‘माजी’ हा शब्द जन्मात शेकडो वेळा लिहिला, पण एकदाही मुंगीपेक्षा मोठा लिहिला नाही. खासदार असताना दुसऱ्या निवडणुकीच्या ऐन तोंडावर त्यांनी ‘सदस्य, लोकसभा’ असे कागद मोठ्या हौसेनं गठ्ठ्यानं छापून घेतले आणि महिन्याभरात सपाटून आपटले. कागद वाया कसे घालवायचे? मग प्रत्येक कागदावर ‘सदस्य’च्या डोक्यावर बारीक टाकानं ‘माजी’. पनवेलच्या पोस्टमास्तरांना ते चष्मा लावूनही दिसत नसे.

मी शेजारी राहणारा शाळामास्तर, त्यामुळे पत्रांतले काना-मात्रा तपासणं माझ्याकडे. गटार तुंबलं, लिही पत्र. पळस्प्याला एसटी थांबली नाही, लिही पत्र. त्यांना काहीही सांगा, मान हलवून म्हणणार, “नोंद घेतली आहे.” आमटीत मीठ नसलं तरी नोंदच. “पाच वर्षं दिल्लीत राहून एवढंच शिकून आलेत,” त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या.

मग काकू गेल्या. घरात बोलायला कुणी उरलं नाही. कार्यकर्ते तर निकालाच्या दुसऱ्या दिवसापासूनच गल्ली टाळून जात होते. मला त्यांचा अजून राग येतो.

यायची ती एकटी चांगूबाई, उरणजवळच्या करंजा बंदरातली कोळीण. तिचा मुलगा होडीसकट समुद्रात बेपत्ता झाला तेव्हा आबासाहेब खासदार होते. ‘शोध लावतो,’ असा शब्द त्यांनी तिला दिला होता. तेव्हापासून ती दर सोमवारी उरणच्या एसटीनं यायची आणि ओसरीवर बसायची.

“आबा, काय खबर?”

“तपास चालू आहे, बाई.”

मग चहा आणि तासभर वाऱ्याच्या, मासळीच्या गप्पा.

एका सोमवारी आबासाहेब तापानं फणफणले होते. त्यांनी उशाखालून एक सरकारी पत्र काढून माझ्या हातात ठेवलं. तीन वर्षांपूर्वीचं. होडीची लाकडं सापडली, माणसं बुडाली असं समजून तपास बंद केला आहे.

“मास्तर, माझी जीभ रेटली नाही हो. आज तुम्ही सांगा तिला.”

मी ओसरीवर आलो आणि एका दमात सांगून टाकलं. चांगूबाई हललीसुद्धा नाही.

“मना ठाव हाय, मास्तर. लाकरं आमच्याच बंदराव आनलीती. पोराचं दिवस बी केलं.”

“मग दर सोमवारी येता कशाला?”

तिनं दाराकडे बघत आवाज खाली आणला. “वयनी गेल्या. मी नाय आले तं आबांकरं दुसरं कोन येल? त्याना सांगू नका तुमी.”

मी आत गेलो.

“रडली का हो?” आबासाहेबांनी विचारलं.

“मला धीरच झाला नाही सांगायचा,” मी मास्तर असून धडधडीत खोटं बोललो. “पुढच्या सोमवारी येते म्हणालीय.”

आबासाहेबांनी सुटल्यासारखे डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, “येईल ना पण नक्की?”

मला घाईघाईनं बाहेर यावं लागलं.