अप्पांनी बास तपासला

अप्पा जाधव कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरतात. खिशातल्या डबीतून साबणाचा फेस काढतात, गॅसच्या नळीच्या जोडाला लावतात आणि खाली बसून बुडबुडा येतोय का ते बघतात. मग चहा. "पहिले चेक, बाद में चाय," हे त्यांचं वाक्य. लष्कराच्या बँडमध्ये नोकरी झाली, तिथून ते घेऊन आले. मूळचे दहिवडीकडचे, आता साताऱ्यात आमच्या शेजारी. बायको गेल्यापासून एकटेच असतात. मुलगा पुण्यात.

अप्पांना काळजी करायला कारण लागत नाही. मी कॉलेजात शिकवायला निघाले की ते फाटकातून इस्त्री बंद केली का विचारतात, आणि पोवई नाक्यावरून मी परत येते. इस्त्री बंदच असते. माझ्या लेकीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा अप्पांनी खाली त्यांच्या गाडीच्या चारी चाकांना फेस लावला आणि वर येऊन भर बैठकीत मागचं डावं चाक गळतंय म्हणून जाहीर केलं. लग्न ठरलं, पण व्याही अजून फोनवर त्या साबणवाल्यांची चौकशी करतात.

बँडमध्ये अप्पा ट्यूबा वाजवायचे. मांडीवर घेतला की माणूस मागं दिसेनासा व्हावा एवढा तो पितळी कर्णा; बँडवाले त्याला बास म्हणतात. दिवाळीनंतर विट्याजवळच्या एका गावातून सुरेशचा फोन आला. हा अप्पांचा लांबचा भाचा. त्याच्या वडिलांचा लग्नाचा बँड होता. वडील गेले, वरातीत डीजे आले, बँड मोडला. एक जुना विलायती बास तेवढा गोठ्याच्या माळ्यावर राहिला होता. त्याला आता दोन गिऱ्हाइकं आली होती. एकजण हायवेला हॉटेल काढत होता. त्याला तो भिंतीवर टांगायचा होता, फुटका असला तरी चालणार होता. दुसरा कराडकडचा बँडवाला. तो जास्त द्यायला तयार होता, पण वाजत असेल तरच. हॉटेलवाला रविवारी दुपारी टेम्पो घेऊन येणार होता. त्याआधी अप्पांनी बास बघून काय मागायचं ते सांगायचं.

त्या आठवड्यात अप्पांचं जेवणातलं लक्ष उडालं. रोज माझ्याकडे येऊन बसायचे. बापाची वस्तू आहे, आपल्या सांगण्यावरून कमी भावात गेली तर काय, आणि जास्त सांगून दोन्ही गिऱ्हाइकं तुटली तर काय, एवढंच बोलायचे. शेवटी मीच म्हटलं, चला, गाडीनं नेते.

पिशवीत त्यांनी साबण, बॅटरी, तेल, जुनं बनियन आणि सायकलचा पंप घेतला होता. पंप कशाला, विचारलं तर "लागतो" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

सुरेशनं बास अंगणात घोंगडीवर ठेवला होता. काळवंडलेला, एका बाजूनं चेपलेला, तोंडात चिमण्यांचा काडीकचरा. अप्पांनी चप्पल काढली, मगच हात लावला. बनियननं पुसून पुसून पोचे बघितले. पितळेवर तांबूस ठिपके आले की पत्रा आतून खाल्लेला असतो म्हणे, ते बॅटरी लावून शोधले. अडकलेल्या चाव्यांना तेल सोडलं आणि एकेक दाबून परत वर येईपर्यंत श्वास धरून बसले. मग सुरेशच्या आईची उशी मागून घेतली आणि कर्ण्याच्या तोंडात कोंबली, दुसऱ्या टोकाला चिंधीनं पंप बांधला, सगळ्या जोडांना फेस लावला आणि मला हवा मारायला सांगितलं. उशी गेलेली बघून त्या माउली काही बोलल्या नाहीत, पण घरातही गेल्या नाहीत. एका जोडावर बुडबुडा आला.

"एकच हाय," अप्पा म्हणाले. पण त्यांचा चेहरा उजळला नाही.

हॉटेलवाल्याचा फोन आला की तो निघालाय. सुरेश म्हणाला, मामा, आता एकदा फुंकून बघा. अप्पांनी पुन्हा चाव्या तपासल्या. पुन्हा ठिपके बघितले. मग उशी काढून झटकली, परत दिली, आणि तिसऱ्यांदा चाव्यांकडे वळले. मला राग यायला लागला होता. तेवढ्यात त्यांनी मला म्हशींच्या हौदापाशी बोलावून घेतलं.

"ताई, वरचे दात माझे न्हाईत," ते हळू म्हणाले. "कवळी बसवल्यापासनं फुंकलं न्हाई कवा. आता न्हाई वाजला, तर त्यो बंद हाय का मी बंद हाय, कसं सांगायचं? माझ्या तोंडापायी त्याच्या बापाची वस्तू भितीवर टांगली जायची."

मी म्हटलं, मी बघत नाही, तुम्ही फुंका. आणि ते बासकडे गेल्यावर खरंच हौदाकडे तोंड करून उभी राहिले.

पहिल्यांदा नुसता वारा. दुसऱ्यांदा असा आवाज आला की मागं सुरेश खाकरला. मग बराच वेळ काहीच नाही. मागं वळून बघावं असं फार वाटत होतं. आणि एकदम तो सूर आला. कानाच्या आधी तो पायाला कळला. समोरची म्हैस रवंथ करायची थांबली. अप्पांनी एकेक चावी दाबत सूर खालपर्यंत नेला, परत वर आणला.

"चालू हाय," ते सुरेशला म्हणाले. "तेवढ्या जोडाला डाख देऊन घे. भितीला टांगू नगंस."

सुरेशनं हॉटेलवाल्याला अर्ध्या रस्त्यातून परत पाठवलं. तो बराच बोलला, पण गेला. बास पुढं कराडच्या बँडवाल्याकडेच गेला, चांगल्या भावात.

परतताना मी विचारलं, तुम्हीच का नाही ठेवून घेतलात?

"घिऊन काय करू? त्यात चाल नसती, ताई. नुसतं खालचं पों-पों. वरची चाल दुसऱ्या कुणीतरी वाजवाय लागती." मग म्हणाले, "सुट्टीवर आलो की मी नुसत्या तोंडानं माझं वाजवायचो. ही भाकरी थापत वरचं म्हणायची. सगळं पाठ होतं तिला."

कराड मागं पडलं. अप्पांच्या मांडीवर पंप होता. मला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेला मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. तरी वरातीतली एक ओळखीची चाल मी गुणगुणायला सुरुवात केली. अप्पांनी वळून बघितलं. एक ओळ जाऊ दिली. मग खालून हळूच आलं, पों… पों.

टोलनाक्यावर काच खाली केली, तेव्हाही आम्ही थांबलो नाही. उंब्रजच्या पुढं माझी चाल चुकली. अप्पांनी खालचा सूर लांबवला आणि मला ती परत सापडेपर्यंत धरून ठेवला.