आईच्या हातची चव, इंग्रजीतून

सुचिताने कागद वाचला, ओठ आवळले आणि कागद परत सासूच्या हातात दिला. शालूबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

"काऊन वं, चुकलं का?"

"चुकलं नाही, आत्याबाई. पण इंग्रजीत असं कोणी म्हणत नाही."

कागदावर होतं, 'टेस्ट ऑफ मदर्स हँड'. आईच्या हातची चव! शालूबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी मोबाईलला मराठीत विचारलं आणि त्याने दाखवलेली अक्षरं रांगोळीसारखी एकेक करून उतरवून घेतली होती. वरवट बकालच्या त्यांच्या बचत गटाचे ज्वारीचे पापड पहिल्यांदाच अकोल्याच्या मोठ्या दुकानात जाणार होते. दुकानदार माणिकरावांची अट एकच, पाकिटावर एक ओळ इंग्रजीत पाहिजे. पन्नास पाकिटं खपली तर दर महिन्याला मागणी, नाहीतर रामराम. स्टिकर संध्याकाळपर्यंत छापायचे होते, कारण माल उद्याच्या पहिल्या एसटीने जायचा होता.

"चुकलं नाई, पण म्हणत नाई, म्हंजे कसं?"

"म्हणजे वाचणाऱ्याला वाटेल, आईचा हातच चाखायचा आहे."

शालूबाईंनी कागदाची घडी घातली. सून देऊळगाव राजाची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पण शेवटी सूनच. या घरात आईचा हात म्हणजे सासूचा हात. तोच हिच्या डोळ्यांत खुपत असणार, हे त्यांनी मनोमन ठरवूनही टाकलं.

त्या तडक धम्मरत्न सरांकडे गेल्या. सर हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे. त्यांनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली.

"काकू, व्याकरणात खोट नाही. पण इंग्रजीत असं कोणी म्हणत नाही."

शब्द न शब्द सुनेचाच! दोघांचं आधीच फोनवर बोलणं झालं की काय? त्यात सरांच्या टेबलावर पापडाचं ताट. पापडाच्या काठावरून शालूबाई गट ओळखत. हे पापड गावातल्या दुसऱ्या, बेबीताईंच्या गटाचे होते, आणि बेबीताईंची पन्नास पाकिटंही त्याच दुकानात निघाली होती.

"बसा, चहा घ्या."

"नको. समजलं मले जे समजायचं ते."

ओळ नाकारणारे दोघं, आणि दोघांच्याही पोटात काहीतरी. मग खरं सांगणार कोण? चालता चालता शालूबाईंना युक्ती सुचली. माणूस खोटं बोलेल, पण वाईट वस्तू कोणी चोरत नाही. बेबीताईंनी आजवर त्यांचा लसूण-मिरचीचा मसाला उचलला होता, पाकिटाची लाल फीतसुद्धा उचलली होती. ओळ चांगली असेल तर तीही उचलतील. शालूबाई पिठाच्या चक्कीवर गेल्या, बेबीताईंच्या डब्याशेजारी कागद 'विसरल्या' आणि घरी आल्या.

तीन वाजता बातमी आली. बेबीताईंचे स्टिकर छापून झाले होते, आणि त्यांवर तीच ओळ होती.

"पाह्य! सांगत होती ना मी, ओळ झ्याक हाय म्हणून!" शालूबाईंनी मांडीवर थाप मारली. दुसरी थाप मात्र अर्ध्यातच थांबली. ओळ चांगली ठरली होती, पण हातची गेली होती. आता तीच छापली तर माणिकराव त्यांनाच नक्कल करणाऱ्या म्हणतील!

"लिही आता तुले जे लिहायचं ते," त्या सुनेवर खेकसल्या.

सुचिताने दोन मिनिटांत लिहिलं. काय लिहिलं ते विचारणं शालूबाईंना कमीपणाचं वाटलं. स्टिकर चिकटवताना मात्र सून गालातल्या गालात हसत होती, आणि ते हसू त्यांना आठ दिवस छळत राहिलं.

नवव्या दिवशी माणिकरावांचा फोन आला.

"शालूबाई, बेबीताईचा माल पडूनच हाये. गिऱ्हाईक इचारते, हे शाकाहारीच हाये ना? हाताचं काय लिहून ठेवलं म्हणते."

शालूबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "अन् आमचा?"

"खपला! आता दोनशे पाकिटं धाडा. लोकं वाचते, हासते अन् घेऊन जाते. सूनच सासूची एवढी तारीफ करून राह्यली, तं पापडात दम असंन म्हणते."

"सून? काय लिहेल हाय त्यावर?"

"घ्या! तुमालेच माईत नाई? 'मेड बाय माय मदर-इन-लॉ. आय कान्ट मेक देम लाइक धिस.' माह्या सासूनं केले, मले असे जमत नाई."

फोन ठेवून शालूबाई दाराशी आल्या. जो हात सुनेच्या डोळ्यांत खुपतो असं त्या समजत होत्या, तोच हात तिने दुकानात मांडला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि डोळे भरून आले. अंगणात सुचिता पापड उलटत होती. पण जित्याची खोड मेल्याशिवाय थोडीच जाते! एवढ्या कौतुकामागे काहीतरी असणारच.

"सुचिता, खरं सांग. माहेरी किती दिवस जायचं हाये?"

सुचिताचा हात थांबला. "पंधरा." मग हळूच म्हणाली, "पण लिहिलं ते मनापासून, आत्याबाई. चुकलं का?"

"चुकलं नाई," शालूबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "पण आपल्यात असं कोणी म्हणत नाई."