गवताचं टेंडर

खरेदी कशी करावी हे मला कुणी शिकवू नये! रेल्वेच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं मी दुसरं काही केलंच नाही. टाचणीपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत वाट्टेल ते घेतलं आणि प्रत्येक वस्तू तीन कोटेशन मागवून, तक्ता बनवून, सगळ्यात कमी भाववाल्याकडूनच घेतली. त्या वस्तू पुढे चालल्या की नाही, हे बघणं आमच्या विभागाकडे नव्हतं.

तेव्हा रायपूरच्या माझ्या घरापुढचं गवत कापायला मशीन घेणं म्हणजे डाव्या हाताचा मळ!

झालं असं, की यंदा पाऊस हटता हटेना आणि अंगणातलं गवत गुडघ्याला लागलं. रविवारी आश्विन पौर्णिमा. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने आमच्या बौद्ध महिला मंडळाच्या बाया आळीपाळीनं एकमेकींच्या घरी ग्रंथवाचन करतात आणि पौर्णिमेला त्याची समाप्ती होते. भाषणं, खीरदान, साठेक माणसं. अकरा वर्षांनी हा मान माझ्या बायकोला, अंजनाबाईला मिळाला होता.

"एकडाव नीट झालं नं, मंग दर साली आपल्याच अंगणात ठेवतीन," ती मला म्हणाली. "तुमी फक्त गवताचं पाहा. बाकी मी पाहून घेईन."

दरवर्षी भैय्यालाल विळा घेऊन यायचा आणि दोन दिवसांत अंगण साफ करून जायचा. यंदा मी त्याला सांगितलं, "लिखित में कोटेशन दो."

"लिखे-पढ़े ला नइ जानंव साहब," तो हातातल्या विळ्याकडे बघत, डोकं खाजवत म्हणाला. "हंसिया चलाय बर जानथंव."

मी त्याला नियमाप्रमाणे अपात्र ठरवलं.

"अहो, तो माणूस हाये का कंपनी?" अंजनाबाई कडाडली. पण नियम तो नियम!

खरं कारण सांगू? मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात पांढरी पँट घातलेला एक गृहस्थ बॅटरीच्या मशीननं गवत कापत होता, कुंपण छाटत होता, पालापाचोळा उडवत होता, आणि पँटवर एक डाग नव्हता! निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, घरात कुणी माझी सही मागितली नव्हती. मला ती पँट फार आवडली.

मी कामाला लागलो. तीन मशीन: एक गवत कापायचं, एक मेंदीचं कुंपण छाटायचं, एक पाला उडवायचा ब्लोअर. रायपुरातल्याच बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या एका दुकानाचं कोटेशन, अभनपूरच्या शेती-औजारवाल्याचं कोटेशन आणि मोबाइलवरचं एक. मधे कार्बन पेपर घालून तक्ता केला. घरात कार्बन पेपर होता, हे विशेष. दुसरी प्रत कुणाला द्यायची होती, हे मला अजून सांगता येत नाही.

तेवढ्यात आमचे चिरंजीव संघर्ष डोकावले. याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. "पापा, तीनों एक ही कंपनी का लो ना. एक ही बैटरी तीनों में लगती है, चार्जर भी एक."

"म्हंजे सगळं काम एकाच पार्टीले? व्हिजिलन्स लावतं का माह्या मागं?"

"कौन-सी विजिलेंस? आप रिटायर हो चुके हो, पापा!"

असल्या गोष्टी मुलांनी बापाच्या तोंडावर बोलू नयेत. मी त्याचा आक्षेप नोंदवून घेतला आणि फेटाळला.

गुरुवारी माल आला. लाल मशीन एका कंपनीचं, हिरवं दुसरीचं, पिवळं तिसरीचं. तिन्ही आपापल्या जागी सगळ्यात स्वस्त. का स्वस्त, ते खोकी उघडल्यावर कळलं. बॅटरी एकातही नव्हती! "नुसतं मशीन" असं बारीक अक्षरांत छापलेलं होतं. चौतीस वर्षं मी बारीक अक्षरं दुसऱ्यांना दाखवत आलो, स्वतः वाचायची कधी वेळच आली नाही.

एकच बॅटरी तिन्हींना चालवू, अशा हिशेबानं शुक्रवारी स्कूटरवरून निघालो. अभनपूरच्या दुकानदारानं लाल मशीन उलटंपालटं केलं आणि मान हलवली. "अंकलजी, इसमें हरी वाली की बैटरी नहीं घुसेगी."

"क्यों नहीं घुसेगी? अठारह वोल्ट मतलब अठारह वोल्ट!"

"वोल्ट एक है, खाँचा अलग है. बैटरी आपका दामाद थोड़ी है जो हर घर में फिट हो जाए!"

शेवटी तीन रंगांच्या तीन बॅटऱ्या आणि तीन चार्जर घेतले. तेही सगळ्यात स्वस्तातले. स्वस्त चार्जर बॅटरी भरायला किती तास घेतो, हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

शनिवारी घरातले सगळे प्लग माझ्या ताब्यात होते. मिक्सर बंद, इस्त्री बंद. अंजनाबाईनं खिरीची वेलची खलबत्त्यात कुटली आणि दर घावाला माझ्याकडे पाहिलं.

रविवारी सकाळी मी पांढरी पँट घालून मैदानात उतरलो! गवताचं मशीन घुर्र करून सुरू झालं. मी संघर्षकडे विजयी नजर टाकली. ओलं गवत, त्यात गुडघाभर. नवव्या मिनिटाला मशीननं मान टाकली. अंगणाच्या मधोमध एक खाट मावेल एवढी जागा साफ झाली होती.

"अब?" संघर्ष.

"चार्जिंग."

"कितने घंटे?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि कुंपणाकडे वळलो. फाटकाच्या डावीकडची मेंदी झकास छाटली. उजवीकडे पोचायच्या आत ती बॅटरीही संपली. डावीकडे मेंदी कमरेएवढी, उजवीकडे डोक्याच्या वर. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले.

आता उरला ब्लोअर. त्याची बॅटरी मात्र पूर्ण भरलेली, आणि उडवायला काहीच नाही! पण सरकारी माणूस वस्तू पडून राहू देत नाही. जे काही खाटभर गवत कापलं होतं, ते एका कोपऱ्यात जमवावं म्हणून मी बटण दाबलं. गवत उडालं. थेट दोरीवर गेलं. दोरीवर अंजनाबाईची कार्यक्रमाची पांढरी साडी वाळत होती.

तिचा आवाज बीरगावपर्यंत गेला असेल. "एकच पांढरी धड साडी होती माही!"

मग मी शेवटचा उपाय केला. ब्लोअरची भरलेली बॅटरी गवताच्या मशीनमध्ये ठोकून बसवायची! चपलेनं ठोकली, बत्त्यानं ठोकली. अर्धी आत गेली आणि तिथंच रुतली. ना पुढे, ना मागे.

दुपारचे तीन वाजले. बाया चारला यायच्या होत्या. अंजनाबाई साडीवरचे हिरवे डाग लिंबानं घासत बसली होती. मी गुपचूप स्कूटर काढली.

भैय्यालाल दुसऱ्या मोहल्ल्यात कुणाचं तरी अंगण करत होता. मी कोटेशनबिटेशन काही काढलं नाही. सरळ हात जोडले. "हव, चलव," एवढंच तो म्हणाला. पण हातातलं काम पुरं केल्याशिवाय स्कूटरवर बसला नाही, त्यामुळे पोचायला साडेचार झाले.

आणि फाटकातच मी थिजलो. मंडळाच्या सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांचे पदर खोचून अंगणात उकिडव्या बसल्या होत्या आणि हातानं गवत उपटत होत्या! अध्यक्षबाई पूर्णिमाताईंच्या हातात आमच्या स्वयंपाकघरातला विळा होता. "राहू दे वं अंजना, आमी काय गवत पाह्यलं नाई का?" त्या तिला समजावत होत्या. अंजनाबाई हिरवे डाग पडलेली साडी नेसून, मान खाली घालून गवत ओढत होती. तीन महिने तिनं या संध्याकाळची वाट पाहिली होती. मला खरंच लाज वाटली.

भैय्यालालनं रुतलेल्या बॅटरीचं मशीन पायानं हळूच बाजूला केलं. "एला का होगे, साहब?"

"चार्ज होऊन राह्यली," मी म्हणालो.

"मोर हंसिया ला चार्जर नइ लगय," तो म्हणाला आणि कामाला बसला. बाया फिदीफिदी हसल्या. अंजनाबाई हसली नाही.

कार्यक्रम सुरू व्हायला दिवेलागण झाली. वाचन झालं, भाषणं झाली, डास चावले, खीर सगळ्यांना पुरली. पाहुणे हातपाय खाजवत घरी गेले. अंजनाबाई खुर्च्या एकात एक घालत होती. मीही दोन उचलल्या.

"कार्यक्रम तं मस्त झाला नं?" मी चाचरत विचारलं.

"झाला."

"मंग? दर सालचं आपल्याकडेच ठरलं का?"

"नाई. पुढच्या साली पूर्णिमाताईच्या फ्लॅटवर."

"फ्लॅटवर? तिथं तं अंगणच नाई! साठ माणसं बसतीन कुठं?"

"बसतीन जिन्यात," ती म्हणाली. "पण तिचा नवरा अजून ड्युटीवर जाते."